फळा पुसणारा माणूस

त्या निवडणुकीच्या हंगामात आमच्या घरात राजकारण बंद होतं. बंद म्हणजे मिठासारखं बंद. डॉक्टरांनी बाबांच्या दंडाचा पट्टा सोडला, गुंडाळला आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "मीठ, लोणचं, पापड आणि बातम्या. सगळं बंद. ह्यांच्या हृदयाला हा प्रचार झेपायचा नाही." बाबा खुर्चीतच उसळले. "लोणच्याचा ठीक आसा. बातम्यांनी तुमचा काय घोडा मारल्यानी?" डॉक्टर हसले. मला अजिबात हसू आलं नाही. त्याच्या आदल्याच आठवड्यात टीव्हीवरच्या चर्चेत कोणीतरी कोणालातरी काहीतरी म्हणालं, आणि बाबा छाती धरून सोफ्यावर कलंडले होते.

माझी मुलगी मालाडला एका मोठ्या ऑफिसात आहे. तिथे कर्मचाऱ्यांना शांत कसं राहावं हे शिकवायला माणसं येतात. ती म्हणाली, "आई, आपल्या अख्ख्या घराला सेल्फ-केअरची गरज आहे. तुलासुद्धा." मी म्हटलं, "मला झोपेची गरज आहे. आणि भांडी कोणी घासली तर त्याला तू काय म्हणशील ते म्हण." पण ऐकलं मी तिचं. घाटकोपरला आमच्या वस्तीत तेव्हा सकाळी सातला पहिली प्रचाराची रिक्षा यायची ती रात्री शेवटची जाईपर्यंत कानाचं भजं. एक पक्ष गेला की त्याच पक्षातून फुटलेला दुसरा यायचा, गाणं तेच, चाल तीच, फोटो वेगळे. माझं पित्त वाढलेलं, डोकं सणकलेलं. ऑफिसातही तेच, भाजीवालीकडेही तेच, आणि सोसायटीच्या ग्रुपवर तर रोज एकमेकांचे गळे धरणं चालू.

मग आम्ही नियम केले. टीव्हीची वायर काढून कपाटात टाकली. पेपर नवऱ्याने जिन्यात उभं राहून वाचायचा आणि तिथूनच रद्दीत टाकायचा. माझा फोन संध्याकाळी घरी आले की तांदळाच्या डब्यात. चहा मी गॅलरीत एकटीने प्यायचा, तेवढा वेळ मला कोणी हाक मारायची नाही. आणि मुलगी बाबांना समोर बसवून श्वास शिकवायची. ती आजोबांना अरे-तुरेच करते. "आजोबा, नाकाने घे, पोटात धर, तोंडाने सोड." बाबा म्हणायचे, "आजपर्यंत काय मी श्वास उसनो घेत होतंय?" पण करायचे बिचारे. डोळे मिटून, गाल फुगवून, एक डोळा हळूच उघडून मी बघतेय का ते बघायचे.

खरं सांगते, फरक पडला. बाबांचं प्रेशर उतरलं. मला झोप लागायला लागली. गॅलरीतल्या चहाची तर मला चटकच लागली. पण बाबा गप्प झाले. भांडणारा माणूस गप्प झाला की घर कसं होतं, ते ज्याच्या घरी असा माणूस आहे त्यालाच कळेल. जेवताना चमच्याचा आवाज यायचा.

बाबा गिरणीत होते, गिरणी बंद पडल्यावर एका कंपनीत वॉचमन झाले. पण वस्तीत त्यांना कोणी गिरणीवाला म्हटलं नाही की वॉचमन म्हटलं नाही. ते फळेवाले. नाक्यावर पक्षाची शाखा होती, तिच्या भिंतीवर पत्र्याच्या पडवीखाली काळा फळा. चाळीसेक वर्षं तो फळा बाबांनी लिहिला. पाणी येणार नाही, रक्तदान शिबीर आहे, अमक्याची मुलगी दहावी पास, तमक्याला नोकरी लागली, कोण वारलं, अंत्ययात्रा कधी निघणार. माझा दहावीचा निकाल आईला आधी फळ्यावरून कळला, कारण बाबा शाळेतून थेट फळ्याकडे गेले होते. आई त्यांच्याशी आठवडाभर बोलली नव्हती. अक्षर मात्र असं की लोक मजकूर वाचून झाला तरी उभे राहायचे.

फळा लिहायचे बाबा, पण पुसायचे काका. माझे सख्खे काका नव्हेत, बाबांचे मित्र, आमच्याच बाजूच्या गावचे, गिरणीत एकाच खात्यातले. ओलं फडकं घेऊन आधी काका यायचे. वरून खाली, वरून खाली असा फळा पुसायचे, मग दोघं शेजारच्या टपरीवर कटिंग घ्यायचे. चहा संपेपर्यंत फळा वाळायचा. वाळेपर्यंत दोघांचं हमखास वाजायचं. कधी साहेब बरोबर की चूक, कधी मासे कोणाच्या आवशीच्या, म्हणजे आईच्या, हातचे चांगले. मग बाबा साखरेच्या पाण्यात भिजवलेले खडू काढायचे. साखरेमुळे खडू फळ्याला धरून राहतो, पावसाच्या शिंतोड्यानेही उतरत नाही. बाबांनी कधी फळा पुसला नाही आणि काकांनी कधी लिहिला नाही. हा त्यांचा आपसातला रिवाज होता, कोणी ठरवलेला नव्हता.

मग पक्ष फुटला. बाबा जुन्यांत राहिले. काका नव्यांत गेले, कारण त्यांचा मुलगा आधीच तिकडे गेला होता. दोन-तीन दिवस दोघं तरीही फळ्यापाशी आले. काकांनी पुसला, बाबांनी लिहिला. तिसऱ्या दिवशी बाबांनी सोडून गेलेल्यांबद्दल एक ओळ लिहायला घेतली. काय होती ते मी इथे लिहीत नाही, आईवरून जरी नसली तरी जवळपास होती. काका बाजूला उभे. ओळ अर्धी झाली आणि काका पुढे झाले, तळहात फळ्यावर ठेवला आणि ओढला. ओलं फडकं नाही, काही नाही. कोरड्या हाताने. बाबांचं ताजं अक्षर पुसण्याची त्यांची ती पहिलीच वेळ. काका हात झटकत गेले, बाबा खडूचा डबा बंद करून घरी आले आणि मला म्हणाले, "हातान पुसल्यान गो. फडकोसुद्धा घेतल्यान नाय." एवढंच. ते फडक्याचं इतक्या वेळा म्हणाले की मलाच रडू आलं.

शाखेवर दोन्हीकडच्यांनी हक्क सांगितला, दाराला कुलूप लागलं. फळ्याला कोणी हात लावला नाही. आता सगळ्यांचे फ्लेक्स होते, फळा हवा कोणाला? पुढे काका मुलाकडे बोरिवलीला राहायला गेले. त्यानंतर दोघं भेटले नाहीत, बोलले नाहीत.

पण आम्ही बायका बोलायचो. काकींचा मला दुपारी ऑफिसात फोन यायचा. त्या हंगामात त्यांनी सांगितलं की काकांची किडनी गेलीये, आठवड्यातून दोनदा डायलिसिस, आणि त्यांच्याही डॉक्टरांनी टीव्ही बंद करायला लावलाय. आम्ही दोघी हसलो. इथे एक रुसलेला, तिथे एक रुसलेला, दोघांच्या टीव्हीच्या वायरी कपाटात. "तुझ्या बापाशीची आठवण काढतत," काकी म्हणाल्या. "सरळ नाय काढनत. इचारतत, फळो कोण लिवता आता?" मी म्हटलं, भेटवूया ना. काकी म्हणाल्या, "आता नको गो. आता भेटले तर राजकारणार भांडतले आणि दोगांचाय प्रेशर चढात. इलेक्शन होऊंदे." मला पटलं. मीही तेच म्हटलं. इलेक्शन होऊ दे. त्या दिवसांत सगळंच इलेक्शन झाल्यावर करायचं होतं. पाण्याची लाईन इलेक्शन झाल्यावर, नणंदेकडे जाणं इलेक्शन झाल्यावर, दोन म्हाताऱ्यांची गाठ इलेक्शन झाल्यावर.

आचारसंहिता लागली तेव्हा पालिकेची माणसं आली आणि त्यांनी वस्तीतल्या सगळ्या पाट्या झाकल्या. फळ्यावरही खाकी कागद चिकटवला. खरं तर त्यावर कोणी लिहीत नव्हतं, पण नियम म्हणजे नियम. बाबांना रोज चालायला सांगितलं होतं. मुलीने बागेपर्यंतचा रस्ता आखून दिला होता, प्रचाराचे मंडप टाळून. बाबा बागेत जायचेच नाहीत. नाक्यावर जाऊन झाकलेल्या फळ्यासमोर उभे राहायचे आणि परत यायचे. मी एकदा विचारलं, काय बघता? म्हणाले, "कागद सुटता काय ता बघतंय." सुटला तर काय करणार होते कोण जाणे.

मतदानाला काही दिवस राहिले असताना एका सकाळी काकींच्या मुलाचा फोन आला. काका पहाटे गेले. दुपारी बाराला बोरिवलीच्या स्मशानात नेणार.

मी फोन ठेवला आणि स्वयंपाकघरात पाण्याचा नळ सोडून उभी राहिले, कारण मला रडायचं होतं आणि बाबा बाहेर बसले होते. नवरा म्हणाला, "सांगू नकोस. निकाल लागेपर्यंत तरी नको." मुलगी बाहेर पडत होती, चपला घालता घालता थांबली. म्हणाली, "आई, त्याला झेपणार नाही. आपण एवढं सगळं केलं ते कशासाठी?" डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, "जमलं तर पुढे ढकला." सगळ्यांचं बरोबर होतं. सगळे बाबांना जपतच होते. मला मात्र एकदम सगळ्यांचा राग आला, माझ्यासकट. काका मेले, आणि तेही आता इलेक्शन झाल्यावर मरणार होते की काय! बारा वाजता चिता पेटली की पुढे कधी सांगितलं काय आणि न सांगितलं काय. बाबांना दुखेल म्हणून बाबांचं दुःखच काढून घ्यायचं, ही कुठली काळजी?

मी जाऊन बाबांसमोर बसले. म्हटलं, "बाबा, काका गेले."

मी त्यांच्या छातीकडे बघत होते. मग बाबा म्हणाले, "डॉक्टरान सांगल्यान ना, बातम्यो सांगू नकात म्हणून."

"ही बातमी नाही बाबा. हे आपलं आहे."

त्यांनी मान हलवली. मी म्हटलं, गाडी बोलावते, बोरिवलीला पोचू वेळेत. ते नाही म्हणाले. "थंय मी येवचंय नाय. थंय तेंचे पुढारी येतले. झेंडो घालतले तेच्यार. माका ता बघवचा नाय." मग उठले, पलंगाखालचा बिस्किटांचा डबा काढला, त्यातून खडू घेतले आणि मला म्हणाले, "वाटीत साखर-पाणी कर."

मी त्यांना अडवलं नाही. एक स्टूल, एक वाटी, हात धरून बाबा, अशी आमची वरात नाक्यावर गेली. प्रचाराची एक रिक्षा समोरच उभी होती, तिच्यातला माणूस मतदार बंधू-भगिनींना काहीतरी सांगत होता. बाबांनी कागदाचा कोपरा नखाने सोडवला आणि टराटर फाडला. फळ्याकडे तोंड करून, मागे न बघता, हात मागे करून म्हणाले, "पूस."

म्हणाले आणि तसेच थिजले. मग मागे वळून माझ्याकडे बघितलं. मला आजही ते तोंड आठवलं की जेवण जात नाही.

फडकं आणायचं मी विसरले होते. टपरीवरून पाणी घेऊन ओढणीचं टोक भिजवलं आणि पुसायला लागले. "आडवा नको," बाबा म्हणाले. "वरसून खाली. तो वरसून खाली पुसायचो." मी वरून खाली पुसत आले. मधोमध बाबांची ती अर्धी ओळ होती, एवढ्या वर्षांनी फिकटलेली तरी वाचता येण्याजोगी. साखरेचा खडू. आणि तिच्यातून ओढलेला काकांचा पंजा, चार बोटांचे चार पट्टे, सरळ उमटलेले.

"थांब," बाबा म्हणाले. त्यांनी माझ्या हातातून ओढणीचं टोक घेतलं. आयुष्यात कधी फळा न पुसलेला माणूस, स्टुलावर चढला आणि स्वतःची ओळ पुसायला लागला. एकेक अक्षर. पंजाला धक्का न लावता, बोटाला ओढणी गुंडाळून, कडेकडेने. त्यांचे शब्द सगळे गेले आणि हाताचा ठसा तेवढा राहिला. मी स्टूल धरून उभी होते आणि मोठ्याने रडत होते. टपरीवाल्याने रिक्षावाल्याला ओरडून भोंगा बंद करायला लावला. त्याने केलाही.

मग बाबांनी ठशाच्या खाली लिहायला सुरुवात केली. अक्षर अजून तसंच होतं. काकांचं नाव, त्यापुढे गावाचं नाव. दुःखद निधन. अंत्ययात्रा दुपारी बारा. एवढ्यात निवडणुकीच्या भरारी पथकाची जीप आली. एक पोलीस ताई उतरली. म्हणाली, "आजोबा, आचारसंहिता आहे."

बाबा न वळता म्हणाले, "मयताक पण आचारसंहिता आसा काय गो?"

तिने फळा वाचला. माझ्याकडे बघितलं. मग हळू आवाजात म्हणाली, "पक्षाचं नाव तेवढं टाकू नका."

"खंयच्या पक्षाचा टाकू?" बाबा म्हणाले.

ती चहा घेते म्हणून टपरीकडे गेली आणि आमच्याकडे पाठ करून उभी राहिली.

बाबांनी खाली 'शोकाकुल' लिहिलं, दोन टिंबं दिली आणि थांबले. चाळीस वर्षं त्या दोन टिंबांपुढे ते एकच लिहीत आले होते, पक्षाचं नाव आणि सर्व कार्यकर्ते. आता पक्ष दोन होते आणि कार्यकर्ते कुठले ते त्यांना ठाऊक नव्हतं. त्यांनी मला विचारलं, "काय लिवू?" फळ्यावर काय लिहायचं हे त्यांनी मला कधीच विचारलं नव्हतं.

"तुमचं नाव लिहा बाबा," मी म्हटलं. "बाकी कोण आहे?"

ते हसल्यासारखं काहीतरी करून म्हणाले, "माझा नाव फळ्यार येतला तेव्हा दुसरो कोणतरी लिवीत." आणि जागा तशीच मोकळी सोडून खाली उतरले.

संध्याकाळी पालिकेच्या माणसाने कागद पुन्हा लावला, नुसता वरच्या कडेला. निकाल लागला, कोण तरी जिंकलं, गुलाल उडाला, कागद निघाला. गुलालाचे थोडे कण फळ्यावर चिकटले. मजकूर होता तसा राहिला. पुसणार कोण? लोक बाबांना म्हणाले, फळेवाले, आता काहीतरी नवीन लिहा. बाबा म्हणाले, "पुसणारो नाय."

मी टीव्हीची वायर जोडून दिली. म्हटलं, बघा आता काय बघायचं ते. बाबा म्हणाले नको. मुलगी यायच्या आधीच ते श्वासाला बसायचे. नाकाने घे, पोटात धर, तोंडाने सोड. आता डोळा उघडून बघायचेही नाहीत. ज्या शांततेसाठी आम्ही एवढी धडपड केली ती सगळी आली होती घरात, आणि मला ती नको होती. मी मुद्दाम मासे कोणाच्या हातचे चांगले हा विषय काढून बघितला. ते म्हणाले, सगळ्यांच्याच चांगले.

बाबांचं प्रेशर शेवटपर्यंत नॉर्मल होतं. डॉक्टरांनी मला तसं सांगितलं. थंडी संपता संपता एका सकाळी बाबा उठलेच नाहीत.

दुपारपर्यंत नाक्यावर दोन फ्लेक्स लागले, दोन्हीकडच्या पक्षांचे. दोन्हींवर भावपूर्ण श्रद्धांजली, दोन्हींवर वर पुढाऱ्यांची ही मोठी तोंडं आणि खाली कोपऱ्यात बाबा. एकात त्यांचं आडनाव चुकलं होतं. त्या दिवशी मी कोणाशी भांडले नाही, तेवढं त्राण नव्हतं.

तेराव्यानंतर मी बिस्किटांचा डबा घेतला, वाटीत साखर-पाणी घेतलं, ह्या वेळी फडकंही घेतलं आणि नाक्यावर गेले. बाबांचं फळ्यावर यायलाच हवं होतं. मी फडकं भिजवलं, पिळलं, हात वर नेला. वरून खाली पुसायचं, हे मला माहीत होतं. वर काकांचा पंजा होता, त्याच्याखाली बाबांचं अक्षर. कुठून सुरुवात करू? टपरीवाला लांबून बघत होता. मी तशीच उभी राहिले, फडक्याचं पाणी कोपरापर्यंत ओघळलं.

मग मी फडकं पिशवीत ठेवलं आणि खडू घेतला. खाली 'शोकाकुल'पुढे दोन टिंबं होती, त्यांच्यापुढची जागा मोकळी होती. तिथे मी बाबांचं नाव लिहिलं. माझं अक्षर वाईट, ओळ उताराला लागली, पण नाव मावलं.